व्हॅलेंटाइनचा आठवडा, तिसरीचा वर्ग आणि ४६२ कार्डं

आमच्याकडे जानेवारीतच विषय निघतो की व्हॅलेंटाइनचं यंदा काय करायचं. आम्ही तिघीजणी तिसरीला शिकवतो, मॅसॅच्युसेट्समधल्या एका पब्लिक स्कूलला, वूस्टरपासून गाडीनं अर्धा तास. इकडच्या प्राथमिक शाळेतला व्हॅलेंटाइन डे म्हणजे आपल्याकडे लोकांच्या डोक्यात येतं तसलं काही नसतं हे आधीच सांगते, कारण माझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. आठ-नऊ वर्षांची पोरं एकमेकांना पत्त्याएवढी कार्डं देतात, डायनासोरवाली, रॉकेटवाली, मागे पेन्सिल नाहीतर स्टिकर चिकटवलेली, आणि बुटाच्या खोक्याला रंगीत कागद लावून वर फट पाडून ज्याची त्याची पोस्टपेटी करतात. झालं. आई फोनवर म्हणते, "अगं पण शाळेत कशाला हे? अभ्यास नाही का?" आणि खरं सांगायचं तर आमच्या प्रिन्सिपलचा प्रश्न पण शब्दाशब्दाला हाच होता, फक्त इंग्रजीत आणि जरा गोड आवाजात.

प्रश्नात चूक काहीच नव्हती. त्या आठवड्यात वर्ग हातात राहत नाही. पोरांचं सगळं लक्ष त्या खोक्यांवर, कोणी काय आणलं, कोणाचं कार्ड मोठं, आणि तिसरीला वसंतात एमकॅसची परीक्षा असते, राज्याची, त्यांच्या आयुष्यातली पहिलीच, त्यामुळे फेब्रुवारीचा एक आठवडा असाच सोडून देणं कोणाला परवडत नाही. एका टीचरचं म्हणणं की शुक्रवारी शेवटचा अर्धा तास पार्टी, बाकी आठवडाभर विषयच काढायचा नाही. मी म्हटलं विषय काढला नाही म्हणून पोरांच्या डोक्यातून जातोय थोडाच, त्यापेक्षा आख्खा आठवडा तोच विषय घेऊ, गणितात, सायन्समध्ये, इतिहासात, लिहिण्यात, सगळीकडे. प्रिन्सिपल म्हणाल्या, चालेल, पण प्रत्येक तासापुढे मला स्टँडर्ड लिहून हवंय, कुठलं कौशल्य, कुठला मुद्दा. बसले मग रविवारी लॅपटॉप घेऊन.

२०२५ ला १४ तारीख शुक्रवारी आली आणि पुढच्या सोमवारपासून फेब्रुवारीची सुट्टी, म्हणजे सोमवार ते शुक्रवार सरळ एक आठवडा मिळाला. हे नशीब दरवर्षी मिळत नाही.

पहिलं काम पालकांना पत्र. ह्यात जेवढी काळजी घ्याल तेवढी कमीच. खाऊ आणायचा नाही, चॉकलेट नाही, काहीच खायचं नाही, कारण वर्गात दोन मुलांना ॲलर्जी आहे. कार्ड आणायचं तर सगळ्यांना आणायचं, नाहीतर कोणालाच नाही. विकतचंच हवं असं नाही, घरी केलेलं चालेल, कागद शाळेतून देऊ. आणि ज्यांच्या घरी हा दिवस पाळत नाहीत त्यांनी कळवा, त्यांच्या मुलासाठी तास तसेच राहतील, फक्त कार्डांच्या वेळी वेगळी सोय करू. जाता जाता सांगते, मला संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायची फार इच्छा होती, सगळ्यांना द्यायचं आणि गोड बोला म्हणायचं, दुसरं काय करतो आपण, पण तीळ इकडे २०२३ पासून कायद्यानं मुख्य ॲलर्जीच्या यादीत आलाय, नववा नंबर, त्यामुळे तिळाचा दाणा वर्गात नेणं शक्य नाही. हलव्याच्या दागिन्यांचे फोटो मात्र दाखवले होते, पोरांनी विचारलं हे खायचं की घालायचं.

तर सोमवार, गणित.

वर्गात मुलं २२. प्रश्न फळ्यावर लिहिला, प्रत्येकानं बाकी सगळ्यांना एकेक कार्ड दिलं तर शुक्रवारी वर्गात एकूण किती कार्डं फिरतील? पहिला अंदाज सगळ्यांचा २२. दुसरा ४४, कारण "देणं आणि घेणं". मग म्हटलं थांबा, दोनच मुलं असती तर? दोघांना पुढे उभं केलं, त्यांनी एकमेकांना कागद दिले, दोन कार्डं. तिसरं मूल आलं, सहा. चौथं आलं, बारा. पाचवं, वीस. इथं एक मुलगी, जी एरवी गणिताला पोटात दुखतं म्हणून नर्सकडे जाते, ती ओरडली की आधी चार वाढले, मग सहा वाढले, मग आठ, आता दहा वाढणार! आणि वाढलेच, तीस.

तिसरीला शंभराच्या आतला गुणाकार असतो, २२ गुणिले २१ हा त्यांच्या वयाला सरळ जमणारा नाही. म्हणून चौकटीच्या कागदावर बावीस बाय बावीसचा चौकोन काढायला दिला, आडव्या ओळीत देणारा, उभ्या ओळीत घेणारा, प्रत्येक घर म्हणजे एक कार्ड. आणि मग विचारलं ह्यातली कुठली घरं खोडायची. थोडा वेळ लागला, पण एका मुलाला दिसलं की कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी रांग म्हणजे स्वतःचं स्वतःला कार्ड. ती खोडली. राहिलेली घरं मोजायची कशी, तर प्रत्येक ओळीत एकवीस, अशा बावीस ओळी, तुकडे पाडून चारशे आणि वीस आणि चाळीस आणि दोन, ४६२. खोडण्याआधीची घरं ४८४, त्यातून तिरके बावीस गेले तरी तेच. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की तिसरीतल्या पोरांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

मग सुरू झालं खरं भांडण. एक मुलगा म्हणाला मी मलाच कार्ड देणार आहे, तिरकी रांग का खोडली? दुसरा म्हणाला मग सगळ्यांनी द्यायचं, म्हणजे ४८४. तिसरी म्हणाली मिसला पण कार्ड देतो ना आपण, ते धरलं का? धरलं, बावीस मुलं प्रत्येकी एकवीस मित्र आणि एक मिस, म्हणजे प्रत्येकी बावीस, पुन्हा ४८४! हा योगायोग आहे का यावर दहा मिनिटं गेली. आणि मग मागच्या बाकावरून, "मिस, तुम्ही देणार का आम्हाला?" म्हटलं देणार. मग आपण तेवीस जण झालो, प्रत्येकाची बावीस कार्डं, ५०६. हे शेवटचं मी सांगितलं नाही, त्यांनी काढलं. माझ्या लेसन प्लॅनमध्ये हा तास पंचेचाळीस मिनिटांचा होता, रीसेसची घंटा होईपर्यंत चालला, आणि एकाही पोरानं विचारलं नाही की हे शिकून काय उपयोग, कारण शुक्रवारी त्यांना तेवढी कार्डं खरंच वाटायची होती.

सायन्सला दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्या साखरेच्या, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या गोळ्या, ज्यांच्यावर छोटे छोटे शब्द छापलेले असतात. खायच्या नाहीत, नुसत्या प्रयोगाला. गार पाणी, गरम पाणी, व्हिनेगर, तेल, चार ग्लास, कुठली आधी विरघळेल याचा अंदाज लिहायचा आणि कारण पण लिहायचं. निम्म्याहून जास्त वर्गाचं मत व्हिनेगर, कारण "ते ॲसिड आहे, खाऊन टाकेल". गरम पाण्यातली पहिली गेली. तेलातली होती तशी बसून राहिली, त्यावरची अक्षरं पण गेली नाहीत, आणि तीच पोरांना सगळ्यात जास्त आवडली, घरी न्यायला मागत होते.

दुसरी गोष्ट नाडी. बदामाचा आकार फळ्यावर काढला आणि शेजारी खऱ्या हृदयाचं चित्र लावलं, पोरं "ईऽऽ" करून झाली, मग मूठ आवळायला सांगितली, साधारण एवढं असतं तुमचं, छातीच्या मध्यात, जरासं डावीकडे झुकलेलं. मनगटावर नाडी सापडायला अर्ध्या जणांना मदत लागते, मानेवर पटकन सापडते. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. बावीस आले तर वीस चोक ऐंशी आणि दोन चोक आठ, अठ्ठ्याऐंशी. ह्या वयात बसल्या जागी साधारण ७० ते ११० च्या मध्ये येतात ठोके, त्यामुळे कोणाचे सव्वीस आले, कोणाचे एकोणीस, सगळं बरोबर. मग जंपिंग जॅक घालायला लावले आणि लगेच परत मोजलं, आकडे कुठल्या कुठे. दोन्हीचा बार ग्राफ. गुणाकाराचं एवढं वर्कशीट मी दिलं असतं तर वर्गात बंड झालं असतं.

ह्यातच एक गोष्ट सांगितली, लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरची. १८१६ साली एका बाईचे ठोके ऐकायचे होते आणि छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना, तर त्यानं कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि एक आपल्या कानाला लावलं, आणि जास्त स्पष्ट ऐकू आलं. तिथून स्टेथोस्कोप. आम्ही पण जाड कागदाच्या नळ्या केल्या. आधी नियम, समोरच्याला विचारायचं, तो नको म्हणाला तर नको, मग स्वतःच्या टेडीवर लावा. एक मुलगा नळी लावून ऐकत होता मित्राची छाती आणि एकदम म्हणाला, "हा जिवंत आहे!" आणि तो मित्र इतका खूश झाला, जणू पदक मिळालं.

इतिहासाला मला फार शोधावं लागलं नाही, कारण तिसरीचा आमचा अभ्यासक्रमच मॅसॅच्युसेट्सचा इतिहास आहे आणि अमेरिकेतल्या व्हॅलेंटाइन कार्डांचा धंदा उभा राहिला तो आमच्या शेजारच्या वूस्टरला. एस्थर हाउलंड, जन्म १८२८, वडिलांचं पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान. १८४७ ला माउंट होल्योकमधून शिकून बाहेर पडली आणि त्याच सुमाराला तिच्या हातात इंग्लंडहून आलेलं एक जाळीदार, नक्षीचं कार्ड पडलं. तिला वाटलं हे आपण ह्याच्यापेक्षा चांगलं करू. नमुने केले, भाऊ दुकानाच्या मालासाठी फिरतीवर जायचा त्याच्या पेटीत दिले, दोनशे डॉलरची ऑर्डर मिळाली तरी पुष्कळ असं तिला वाटत होतं आणि तो पाच हजारांची घेऊन आला, अशी गोष्ट सांगतात. एकटीला जमणं शक्यच नाही. मग मैत्रिणी बोलावल्या, घरातच एका लांब टेबलावर बसवल्या, एक कापणार, एक जाळी लावणार, एक चित्र चिकटवणार, कार्ड पुढे पुढे सरकत जाणार. कार्डाच्या मागे छोटा लाल एच. पुढे १८७० ला न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी. १८७९ ला तर कवितांचं एक पुस्तकच काढलं कंपनीनं, कार्डातली ओळ पसंत नसेल तर त्यातली निवडा, कापा, आत चिकटवा. तिनं स्वतः लग्न केलं नाही. ह्यावर पोरांनी विचारलं, "मग तिला कोण कार्ड देत होतं?" मी म्हटलं, मैत्रिणी होत्या की टेबलाभोवती.

नुसतं सांगून सोडलं नाही, वर्गात ते टेबल लावलं. निम्मी मुलं लाइनमध्ये, चार-चारचे गट, घडी, कापणं, केकखाली ठेवतात ती कागदी जाळी चिकटवणं, नाव लिहिणं. उरलेली निम्मी एकेकटी, आपलं कार्ड आपण पूर्ण करायचं. वीस मिनिटं. लाइनवाल्यांची जवळपास दुप्पट झाली, पण बघण्यासारखं काय होतं तर सगळा माल ग्लू स्टिकपाशी तुंबला. कापणारी पोरगी रिकामी बसली आणि चिकटवणाऱ्यावर ओरडायला लागली, नाव लिहिणाऱ्याकडे काम पोचेना म्हणून तो चित्रं काढत बसला. एका गटानं न सांगता स्वतःच दुसरा चिकटवणारा केला आणि त्यांची लाइन सुटली. माझा नवरा कारखान्यातच प्रॉडक्शन बघतो, त्याला रात्री सांगितलं तर म्हणतो आम्ही ह्याच्यासाठी कन्सल्टंटला पैसे देतो. पण एकेकट्यांची कार्डं सगळी वेगळी निघाली, आणि शेवटी मुलांना घरी न्यायला कुठलं हवं विचारलं तर लाइनमधल्या मुलांनी पण एकट्यानं केलेलीच मागितली. एक म्हणाला, लाइनवालं कोणाचंच नाहीये ना.

त्या शब्दवाल्या गोळ्या पण इथल्याच. १८४७ ला बॉस्टनमध्ये ऑलिव्हर चेसनं गोळ्या कापायचं मशीन काढलं, १८६६ ला त्याच्या भावानं, डॅनियलनं, गोळीवर शब्द छापायची युक्ती काढली, आणि बदामी आकाराच्या १९०२ ला आल्या. त्या करणाऱ्या नेको कंपनीचा कारखाना २०१८ ला बंद झाला, २०१९ च्या व्हॅलेंटाइनला बाजारात त्या गोळ्याच नव्हत्या, आता दुसरी कंपनी करते. हे मी दोन मिनिटांत उरकलं. एका मुलाच्या आजीनं तिथं काम केलं होतं असं निघालं, तिला वर्गात बोलवायचं राहिलंय.

बुधवारचा तास मला सगळ्यात महत्त्वाचा होता. फेब्रुवारी हा ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारा फ्रेडरिक डग्लस स्वतःचा वाढदिवस १४ फेब्रुवारीला धरायचा. का धरायचा, तर तो मेरीलंडमध्ये गुलामीत जन्मला आणि गुलामांच्या पोरांना जन्मतारीख सांगायची पद्धतच नव्हती. आई लांबच्या शेतावर कामाला, दिवसभर राबून रात्री बारा मैल चालत यायची त्याला बघायला, पहाटे कामावर हजर व्हायला परत. तो सातेक वर्षांचा असताना ती गेली. त्याला आठवत होतं ते एवढंच की तिनं त्याला एकदा बदामाच्या आकाराचा केक दिला होता आणि ती त्याला आपला छोटा व्हॅलेंटाइन म्हणायची. त्यावरून त्यानं तारीख निवडली. वर्ष त्याला आयुष्यभर १८१७ वाटत होतं, नंतर मालकाच्या हिशोबाच्या वहीत १८१८ सापडलं.

माझ्या पोरांना गुलामगिरी हा शब्द माहीत होता, पण स्वतःचा वाढदिवस माहीत नसणं हे त्यांना जास्त लागलं. तिसरीत वाढदिवस म्हणजे जगातली सगळ्यात मोठी गोष्ट, आम्ही भिंतीवर सगळ्यांचे लावलेत. "मग त्याला वय कसं सांगता यायचं?" "शाळेत नाव घालताना काय सांगितलं?" शाळाच नव्हती, मालकाच्या घरातल्या बाईंनी थोडी अक्षरं शिकवली तर मालकानं ते बंद पाडलं, मग त्यानं रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकून घेतलं. १८३८ ला पळून आला तो आमच्याच राज्यात, न्यू बेडफर्डला, आणि डग्लस हे आडनाव त्यानं तिथंच घेतलं. नकाशावर बोट ठेवून दाखवलं. नंतर गणित आपोआप निघालं, पळाला तेव्हा किती वर्षांचा, १८९५ ला गेला तेव्हा किती, आणि १८१७ धरलं तर काय, १८१८ धरलं तर काय. दुसऱ्या एका टीचरला वाटत होतं की आनंदाच्या आठवड्यात हे जड होईल. मला तसं वाटत नाही. आठ वर्षांच्या पोराला आई रात्रीतून बारा मैल चालून येते हे कळतं, त्याला वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आता जे पडलं ते पण सांगते. आमच्याकडे भावनांच्या शिक्षणाचा एक ठरलेला तास असतो, डिस्ट्रिक्टकडून आलेलं साहित्य, गोलात बसायचं आणि आळीपाळीनं बोलायचं, त्या आठवड्याचा प्रश्न प्रेम म्हणजे काय. बावीस उत्तरं आली आणि बावीसच्या बावीस पोस्टरवर छापण्यासारखी. प्रेम म्हणजे शेअर करणं, प्रेम म्हणजे मदत करणं, प्रेम म्हणजे काइंड असणं. पोरं हुशार असतात, मिसला काय ऐकायचंय ते त्यांना पाठ असतं. आणि हीच पोरं चौकोनातली घरं खोडताना, ग्लू स्टिकवरून भांडताना, डग्लसचं वय काढताना जे बोलत होती ते कुठल्या पोस्टरवर बसणारं नव्हतं. माझं मत आता पक्कं झालंय की ह्या वयाला प्रेमाबद्दल थेट विचारू नये, हातात काहीतरी द्यावं, मोजायला, कापायला, पाठवायला, मग बोलतात.

म्हणून लिहिण्याच्या तासाला उलटं केलं. कार्डातला मजकूर लिहायचा पण त्यात लव्ह हा शब्द चालणार नाही, नाइस चालणार नाही, बेस्ट फ्रेंड चालणार नाही. त्या माणसानं केलेली एक खरी गोष्ट लिहायची, कुठे, कधी. पहिली दहा मिनिटं नुसते पेन्सिली चावत बसले. मग यायला लागलं. "माझा एक हातमोजा हरवला तेव्हा तू तुझा एक दिलास, मग आपण दोघं एकेक हात खिशात घालून खेळलो." "तू कॅफेटेरियात माझ्या डब्याला नाक मुरडलं नाहीस." हे दुसरं ज्यानं लिहिलं तो आपलाच, तेलुगू घरातला, आणि ज्याला लिहिलं त्याला ती आठवण पण नव्हती. मी वाचून जरा वेळ खिडकीकडे बघत बसले.

काही पत्रं गावातल्या सीनियर सेंटरला पाठवली आणि काही, आधीच करून घेतलेली, कोलोरॅडोतल्या लव्हलंड गावाला. तिथं १९४७ पासून असं चालतं की तुम्ही तिकिटं लावलेली कार्डं मोठ्या पाकिटात घालून पाठवायची, ते लोक त्यावर आपल्या गावाचा खास शिक्का मारून पुढे ज्याच्या त्याच्या पत्त्यावर टाकतात. हे मात्र जानेवारीतच पोस्टात टाकायला लागतं. पोरांना पत्ता कुठे लिहायचा हे माहीत नसतं, तिकीट कुठे लावायचं माहीत नसतं, एकानं तिकीट मागच्या बाजूला लावलं कारण पुढे चित्र होतं.

सगळ्यांना कार्ड द्यायचं हा जो नियम आहे त्यावर गुरुवारी वर्गात पेटलंच. एका मुलीनं विचारलं, जो मला रोज ढकलतो त्याला कार्ड दिलं तर ते खोटं नाही का? प्रश्न वाजवी आहे. तिचं म्हणणं होतं की सक्तीचं कार्ड म्हणजे कार्डच नाही. दुसरा म्हणाला, मग ज्याला कोणीच देणार नाही त्याचं काय? वर्ग दोन बाजूंना वाटला गेला, मी मध्ये पडले नाही. पण माझं मत विचाराल तर मी नियमाच्या बाजूची आहे आणि त्याचं कारण साताऱ्याचं कॉलेज. आमच्याकडे रोझ डे असायचा, लाल, पिवळा, पांढरा, आणि संध्याकाळी एखादीच्या हातात गुच्छ मावत नसायचा आणि पाच-सहाजणी लायब्ररीत अभ्यास असल्यासारखं तोंड करून बसलेल्या असायच्या. मी त्या लायब्ररीतली. त्याच काळात व्हॅलेंटाइन आपली संस्कृती नाही म्हणून कार्डं जाळल्याचे फोटो पेपरात यायचे, आणि आमचा आपला वेगळाच प्रश्न, की आम्हाला जाळायला तरी एखादं मिळावं. तर वर्गात त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, खोटं लिहू नकोस, त्यानं एक तरी खरी गोष्ट केली असेल ती शोध. तिनं शेवटी लिहिलं, "तू किकबॉलला चांगला पिच करतोस." हे खरं होतं.

एका घरातून ईमेल आली होती की ते कुठलेच सण पाळत नाहीत. त्यांच्या मुलानं नाडी मोजली, गोळ्या विरघळवल्या, हाउलंडची लाइन चालवली, आणि कार्डांच्या वेळी आई येऊन त्याला घेऊन गेली. ह्यापेक्षा बरी सोय मला सुचलेली नाही आणि ती मला आवडलेलीही नाही. त्याच्या लक्षात आलं होतं की मग ४६२ नाही होणार. एकवीस मुलं, वीस-वीस कार्डं, ४२०, आणि हे त्यानंच काढून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी पक्षी. व्हॅलेंटाइन नावाचे संत कोण याबद्दल धड माहिती एवढी कमी आहे की १९६९ ला चर्चनं सुद्धा तो दिवस आपल्या सगळीकडच्या कॅलेंडरमधून काढला, पण त्या दिवसाचा प्रेमाशी जो संबंध जुळला तो लिहिलेला सापडतो चौदाव्या शतकातल्या चॉसर ह्या इंग्रज कवीच्या कवितेत, त्या दिवशी पक्षी आपापला जोडीदार निवडायला जमतात असं. आणि योग बघा, १९९८ पासून कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी संस्था आणि ऑडुबॉन ही पक्षी वाचवणारी संस्था मिळून ह्याच शुक्रवार ते सोमवारात पक्षीगणना घेतात, कोणीही करू शकतं, किमान पंधरा मिनिटं एका जागी बघायचं, मोजायचं आणि कळवायचं. जॅकेट, टोप्या, हातमोजे, बावीस जणांना चढवायलाच पंधरा मिनिटं गेली. मैदानाच्या कडेला उभे राहिलो. चिकडी दिसले, आमच्या राज्याचा पक्षी तो, कावळे, ब्लू जे, आणि बर्फावर एक लालभडक कार्डिनल. त्याची मादी तपकिरी असते, ती जवळच झुडपात होती. नर तिला दाणा भरवतो हे मी सांगितलं होतं, पोरं श्वास रोखून वाट बघत राहिली, त्यानं काही भरवलं नाही, उडून गेला. "त्यानं कार्ड आणलं नव्हतं," एकजण म्हणाला.

दुपारी कार्डं वाटली. अर्धा तास म्हटलं होतं, बारा मिनिटांत उरकलं, कारण आठवडाभरात त्याचा जो काय जोर होता तो निघून गेला होता.

पालकांना सुट्टीत घरून पक्षी मोजा म्हणून कागद दिला होता. सुट्टीनंतरच्या सोमवारी नऊ कागद परत आले. एकावर कार्डिनल दोन, चिकडी पाच आणि खाली शेजारच्यांच्या कोंबड्या सहा. त्या गणनेत धरायच्या की नाही यावर सकाळची आख्खी मॉर्निंग मीटिंग गेली. पाळीव पक्षी धरत नाहीत असं मी सांगितलं तर तो मुलगा म्हणाला, पण मी पंधरा मिनिटं उभा होतो, आणि त्या तिथंच होत्या.